दानरूप भेट

दानरूप भेट : सणासुदीला किंवा एखाद्या घरगुती प्रसंगी आप्तेष्टाला वस्तू न देता त्याच्या नावाने एखाद्या सेवाभावी कामासाठी पैसे, साहित्य अथवा श्रम देणे आणि तसे त्याला कळवणे, या प्रथेला दानरूप भेट म्हणतात. जिच्या विक्रीतून कारागिराला रास्त मोबदला किंवा एखाद्या संस्थेला निधी मिळतो अशी वस्तू भेट देणे, हाही तिचाच सौम्य प्रकार मानता येतो. नेहमीच्या भेटीत दोघे असतात, देणारा आणि घेणारा. इथे तिघे असतात : पैसे मोजणारा दाता, ज्याच्या नावाने दान जाते तो मानकरी आणि ज्याच्यापर्यंत मदत पोचते तो लाभार्थी. या तिघांत मानकऱ्याचा विचार सर्वांत कमी होतो. दाता आपल्या आवडीची संस्था निवडतो, संस्था लाभार्थ्याकडे पाहते आणि मानकऱ्याच्या हातात एक छापील कार्ड येते. अशी भेट फसते ती बहुधा याच ठिकाणी.

भेट आणि दान यांचे रिवाज मुळात वेगळे आहेत. मार्सेल मोस या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात दाखवले, की अनेक समाजांत भेटीभोवती तीन बंधने असतात : द्यावे लागते, घ्यावे लागते आणि उलट द्यावेही लागते. दानात परतफेडीची अपेक्षा नसते. म्हणूनच घेणाऱ्याला ओशाळे वाटू नये याची काळजी तिथे जास्त घ्यावी लागते. बाराव्या शतकातील ज्यू तत्त्वज्ञ मायमोनिडीझ याने दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. नाखुशीने दिलेले दान सर्वांत खालच्या पायरीवर, तर माणसाला देणगी, कर्ज, भागीदारी किंवा काम देऊन स्वतःच्या पायावर उभे करणे सर्वांत वरच्या. देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला एकमेकांची ओळख नसणे, ही त्याने वरून दुसरी पायरी मानली. दानरूप भेटीत दाता आणि मानकरी यांच्यात भेटीचे नाते असते, दाता आणि लाभार्थी यांच्यात दानाचे. त्यामुळे पथ्ये दोन्हीकडची पाळावी लागतात.

या प्रथेमागचे एक साधे कारण म्हणजे नको असलेल्या वस्तू. जॉएल वॉल्डफोगेल या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९९३ मध्ये नाताळच्या भेटींविषयी एक अभ्यास प्रसिद्ध केला. मिळालेल्या वस्तूसाठी, तिच्यातली माया बाजूला ठेवून, तुम्ही स्वतः किती पैसे मोजले असते, असे त्याने विद्यार्थ्यांना विचारले. उत्तरांवरून हिशेब निघाला तो असा, की भेटींच्या किमतीचा दहावा ते तिसरा हिस्सा वाया जातो. माया बाजूला ठेवून भेटीचे मोल काढणे अनेकांना पटले नाही आणि तो आक्षेप योग्यच आहे. तरीही कपाटात वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या वस्तू पाहिल्या, की या अभ्यासाने दाखवलेली नासाडी खोटी म्हणता येत नाही. ज्यांच्या घरी सर्व काही आहे, ज्यांनी वस्तू कमी करायला घेतल्या आहेत, ज्यांना वयामुळे नव्या वस्तूंचा सांभाळ नको वाटतो, अशांसाठी दानरूप भेटीचा विचार आपसूक येतो.

इतिहास : सणाच्या दिवसांत गरजूंसाठी निधी गोळा करण्याची चाल जुनी आहे. सॅन फ्रान्सिस्कोत १८९१ मध्ये सॅल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवाभावी संस्थेच्या जोसेफ मॅकफी याने नाताळच्या जेवणासाठी रस्त्यावर किटली टांगून पैसे जमवले; ती लाल किटली आजही अमेरिकेत डिसेंबरची खूण आहे. लॉस एंजेलिसमध्ये १९४७ साली मरीन कोअर या अमेरिकन लष्करी दलाच्या राखीव तुकडीने गरीब मुलांसाठी खेळणी गोळा करण्याचा उपक्रम सुरू केला आणि पुढे तो देशभर पसरला. परंतु हे सरळ दान झाले. एकाच्या नावाने दुसऱ्याला देण्याच्या आजच्या पद्धतीला खरा आकार आला तो दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे.

डॅन वेस्ट हा इंडियाना राज्यातला शेतकरी, चर्च ऑफ द ब्रेदरन या शांततावादी पंथाचा कार्यकर्ता. स्पेनमधील यादवी युद्धात तो भुकेल्या मुलांना दूध वाटण्याचे काम करत होता. दूध मोजके आणि मुले पुष्कळ. रोज पेलाभर दूध वाटत राहण्यापेक्षा त्या कुटुंबांना गायच का देऊ नये, हा विचार त्याने घरी आणला. १९४४ मध्ये १७ कालवडींची पहिली खेप पेनसिल्व्हेनियातील यॉर्कहून प्वेर्तो रीकोला रवाना झाली. तिथून उभी राहिलेली संस्था आज हेफर इंटरनॅशनल या नावाने ओळखली जाते. तिची एक अट मला या साऱ्या इतिहासात सर्वांत मोलाची वाटते : ज्या कुटुंबाला कालवड मिळाली, त्याने तिची पहिली कालवड दुसऱ्या गरजू कुटुंबाला द्यायची. घेणारा अशा रीतीने स्वतः दाता होतो आणि घेतल्याचे ओशाळेपण त्याच्या मनातून उतरते. पुढे या संस्थेने भेटींची सूचिपत्रिका काढली आणि आईच्या नावाने बकरी किंवा मित्राच्या नावाने कोंबड्या देण्याची पद्धत रुळली. ऑक्सफॅमसारख्या इतर मोठ्या संस्थांनीही हा मार्ग धरला.

त्याच सुमारास आणखी दोन वाटा निघाल्या. एडना रूथ बायलर हिने १९४६ मध्ये प्वेर्तो रीकोतील बायकांचे भरतकाम अमेरिकेत आणून ओळखीपाळखीत विकायला सुरुवात केली. रास्त व्यापाराच्या चळवळीतील ‘टेन थाउजंड व्हिलेजेस’ ही संस्था त्यातून वाढली. युनिसेफच्या शुभेच्छापत्रांची कथा १९४९ ची. युद्धानंतर मदत मिळालेल्या चेकोस्लोव्हाकियातील एका गावच्या सात वर्षांच्या मुलीने आभार म्हणून एक चित्र रंगवून पाठवले. कागद नव्हता, म्हणून ते काचेवर काढले होते. त्या चित्राचे शुभेच्छापत्र निघाले आणि शुभेच्छापत्रे विकून मुलांसाठी निधी उभारण्याचा जगभरचा उपक्रम त्यातून उभा राहिला. इंटरनेट आल्यावर सूक्ष्मकर्जाची, म्हणजे गरजूंना उद्योगधंद्यासाठी दिल्या जाणाऱ्या छोट्या कर्जांची, भेटकार्डे आली. संकेतस्थळावर कर्जदार निवडून त्याला थोडी रक्कम कर्जाऊ देण्याची सोय करणाऱ्या, २००५ मध्ये सुरू झालेल्या किवा या संस्थेने ती लोकप्रिय केली. अमेरिकेत नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंग या सणानंतरच्या मंगळवारी दान करण्याचा ‘गिव्हिंग ट्यूसडे’ हा दिवस २०१२ पासून पाळला जातो.

निवड : भेट मानकऱ्याची असेल, तर काम त्याच्या जिव्हाळ्याचे हवे. ज्याने आयुष्यभर शिकवले त्याच्या नावाने एखाद्या वाचनालयाला पुस्तके, ज्याच्या घरातले माणूस एखाद्या आजारातून उठले त्याच्या नावाने त्या आजाराच्या रुग्णांना मदत, जो रोज टेकडी चढतो त्याच्या नावाने तिथल्या झाडांची निगा, अशा भेटीत आपल्याकडे कोणी नीट पाहिले आहे हे मानकऱ्याला जाणवते. दात्याच्या राजकीय किंवा धार्मिक मताच्या संस्थेला दुसऱ्याच्या नावाने पैसे देणे मात्र चूक आहे, कारण त्यात मानकऱ्याचे नाव त्याला न विचारता एका बाजूला लावले जाते. जवळच्या माणसाला अशी भेट सहज पोचते, कारण त्यामागचा विचार त्याला सांगता येतो. दूरच्या ओळखीच्या माणसाला ती उपदेशासारखी वाटू शकते. त्याचे मन नक्की माहीत नसेल, तर रक्कम भरलेले पण संस्था कोरी ठेवलेले दानाचे कार्ड द्यावे, म्हणजे निवड त्याच्याकडे राहते. वॉल्डफोगेलनेही पुढे अशा कार्डांचा पुरस्कार केला.

ज्या माणसाची स्वतःची ओढाताण चालली आहे त्याला दानरूप भेट देऊ नये. त्याला वस्तूची किंवा पैशांची गरज असताना त्याच्या नावाने दुसऱ्याला मदत करणे हा, दात्याच्या मनात नसला तरी, निष्ठुरपणा होतो. कार्यालयात कर्मचाऱ्यांचा सणाचा बोनस कापून त्यांच्या नावाने देणगी देणेही याच कारणासाठी गैर. दान ज्याच्या पैशाने होते त्याच्या संमतीने व्हावे.

प्राणी आणि वस्तूंच्या सूचिपत्रिका : बकरीचे चित्र असलेले कार्ड मिळाले म्हणजे तेवढ्या पैशांतून तीच बकरी विकत घेतली गेली, असे नसते. बहुतेक संस्था बारीक अक्षरात लिहितात, की भेट प्रातिनिधिक आहे आणि पैसे गरजेप्रमाणे वापरले जातील. हे व्यवहाराला धरूनच आहे. एखाद्या गावाला बकऱ्यांपेक्षा विहिरीची निकड असेल, तर बकऱ्याच पाठवण्यात शहाणपण नाही. मात्र ही गोष्ट ठळक अक्षरात सांगायला हवी. किवाच्या संकेतस्थळावर दिसणाऱ्या कर्जदाराला बहुतेक वेळा कर्ज आधीच दिलेले असते, याची २००९ मध्ये उघड चर्चा झाली आणि त्यानंतर संस्थेने आपली मांडणी बदलली. खरे सांगितल्याने देणारे कमी होतील, ही भीती अनाठायी आहे.

प्राण्यांच्या भेटीवर टीकाही झाली आहे. चारा-पाणी दुर्मीळ असलेल्या ठिकाणी जनावर हे ओझे ठरते, जमिनीवरचा ताण वाढतो, आजारी जनावराला पशुवैद्य मिळत नाही, असे आक्षेप प्राणिहिताच्या आणि पर्यावरणाच्या संघटनांनी घेतले. यावर सर्वांत चांगले उत्तर बांगलादेशातील ब्रॅक या संस्थेच्या कामातून मिळाले. तिने २००२ पासून अतिगरीब कुटुंबांसाठी जो कार्यक्रम राबवला, त्यात जनावर किंवा उपजीविकेचे दुसरे साधन देण्याबरोबर काही काळ घरखर्चाला मदत, प्रशिक्षण, बचतीची सोय आणि कार्यकर्त्याच्या नियमित घरभेटी होत्या. याच धर्तीच्या कार्यक्रमांची इथिओपिया, घाना, होंडुरास, भारत, पाकिस्तान आणि पेरू या सहा देशांत पाहणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. मदत थांबल्यानंतर वर्षभरानेही कुटुंबांचा खर्च आणि मालमत्ता, सर्व देश मिळून पाहता, वाढलेली दिसली. तेव्हा बकरी द्यावी की देऊ नये, यापेक्षा बकरीबरोबर आणखी काय दिले जाते, हे संस्थेला विचारावे.

संस्थेची पारख : नोंदणी, लेखापरीक्षित हिशेब आणि वार्षिक अहवाल एवढे तरी पाहावे. केवळ प्रशासकीय खर्चाच्या टक्क्यावरून संस्था जोखणे चुकीचे आहे. संस्थांची माहिती आणि मूल्यमापन देणाऱ्या अमेरिकेतील तीन संघटनांनी २०१३ मध्ये एक खुले पत्र काढून दात्यांना हेच सांगितले. चांगला हिशेबनीस, प्रशिक्षित कार्यकर्ता, कामाची तपासणी यांना पैसे लागतात आणि ते वाचवले तर काम ढासळते. संस्थेने एखादे अपयश उघड मांडलेले असेल, तर ती चांगली खूण समजावी. सणाच्या आठवड्यात फोनवरून घाई करणाऱ्यांना पैसे देऊ नयेत; संस्थेच्या मूळ संकेतस्थळावर आपण होऊन जावे.

‘विक्रीतील काही भाग सत्कार्यासाठी’ असे लिहिलेल्या वस्तूंबाबत जास्त चौकस राहावे. विक्रीला दानाची जोड देण्याची पद्धत गाजली ती १९८३ मधील अमेरिकन एक्सप्रेसच्या मोहिमेने. स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याच्या दुरुस्तीसाठी कार्डाच्या प्रत्येक वापरामागे एक सेंट आणि प्रत्येक नव्या कार्डामागे एक डॉलर, असे त्यांनी जाहीर केले आणि सुमारे १७ लाख डॉलर उभे राहिले. तिथे दर स्पष्ट होता. आजच्या अनेक वेष्टनांवर किती भाग, कोणाला आणि कोणत्या मर्यादेपर्यंत, यातले काहीच नसते. अशा वेळी साधी वस्तू घेऊन उरलेले पैसे थेट संस्थेला द्यावेत.

वस्तू आणि वेळ : जुने कपडे आणि मोडकी खेळणी सणाच्या निमित्ताने बाहेर काढणे हे घर आवरणे झाले. संस्थेने मागितलेली वस्तू, मागितलेल्या मापाची, शक्यतो नवी द्यावी. बालगृहांकडे सणाच्या दिवसांत मिठाई आणि खेळणी यांची रीघ लागते, पुढचे महिने कोणी फिरकत नाही. त्यामुळे वर्षभर दरमहा थोडी रक्कम देण्याची भेट त्यांना अधिक उपयोगी पडते. मुलांना रांगेत उभे करून वाटप करताना छायाचित्रे काढू नयेत. काही संस्था खेळणी दुकानासारखी मांडून आईवडिलांना निवडू देतात, आणि मग ते घरी जाऊन मुलांना स्वतःच्या हाताने देतात. ही रीत सगळ्यांनी उचलावी अशी आहे. तिच्यात मुलाला भेट आईवडिलांकडूनच मिळते.

वेळेची भेट स्वस्त वाटते, पण सर्वांत जास्त हुकते तीच. ‘कधीतरी मदतीला येईन’ या वाक्याला वार आणि वेळ जोडली, तरच ती भेट होते. आजारी माणसाची सेवा करणाऱ्याला एक मोकळी दुपार देणे ही महागड्या वस्तूपेक्षा मोठी भेट आहे.

कार्ड आणि कागदपत्रे : कार्डावर रक्कम लिहिण्याची चाल नाही आणि ती नसावीच. संस्थेचे नाव, काम आणि हेच काम का निवडले याबद्दल हाताने लिहिलेली दोन वाक्ये पुरतात. पावती साधारणतः पैसे भरणाऱ्याच्या नावाने निघते आणि करसवलत असल्यास तीही त्यालाच मिळते. मानकऱ्याचा ई-मेल किंवा फोन क्रमांक त्याला न विचारता संस्थेला देऊ नये. नाहीतर वर्षभर देणगीच्या विनंत्या त्याच्याकडे येत राहतात. कार्ड आपल्याकडे मागवून आपणच पोचवावे.

लहान मुलांच्या बाबतीत घाई नको. एलिझाबेथ डन, लारा अॅकनिन आणि मायकेल नॉर्टन यांनी २००८ मध्ये दाखवले, की दुसऱ्यावर खर्च केल्याने लोकांना स्वतःवर खर्च करण्यापेक्षा अधिक आनंद होतो. २०१२ मधील एका प्रयोगात दोन वर्षांच्या आतली मुलेही खाऊ मिळण्यापेक्षा देताना जास्त खुललेली दिसली. यावरून मुलाचे खेळणे रद्द करून त्याच्या नावाने देणगी द्यावी, असा अर्थ काढणारे पालक मुलाच्या मनात दानाविषयी रागच रुजवतात. त्याची भेट त्याला मिळू द्यावी, आणि वेगळी काढलेली छोटी रक्कम कोणाला द्यायची हे त्याला ठरवू द्यावे. त्याने रस्त्यावरच्या कुत्र्यांची निवड केली, तर पैसे कुत्र्यांनाच जावेत.