महागडी गाडी आणि महाग पेट्रोल: झाकणाच्या आतला आकडा काय सांगतो

ठाणे-नवी मुंबईत आता मर्सिडीज, बीएमडब्ल्यू किंवा ऑडी बघून कोणी मान वळवत नाही, मोठ्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन-चार तरी असतातच, त्यातल्या बऱ्याच सेकंड हँड घेतलेल्या, हप्ते चालू असलेल्या. गाडी घरी आली की पहिल्याच आठवड्यात पंपावर प्रश्न येतो, "साहेब, साधं टाकू का प्रीमियम?" आणि बहुतेक जण गाडीची किंमत आठवून प्रीमियम म्हणतात. एवढी भारी गाडी घेतली तर लिटरमागे सात-आठ रुपये कशाला वाचवायचे, असा तो हिशोब. मला हा हिशोबच चुकीच्या जागेवरून सुरू होतो असं वाटतं, कारण इंजिनाला गाडीची किंमत माहीत नसते, सिलिंडरमध्ये दाब किती आणि तापमान किती एवढंच तिथे चालतं, आणि पेट्रोल कुठलं हवं ते त्यावरच ठरतं.

आधी आत काय होतं ते बघू. हवा आणि पेट्रोलचं मिश्रण पिस्टन दाबत वर नेतो, तो अगदी वर पोचायच्या थोडं आधी स्पार्क प्लग ठिणगी टाकतो आणि तिथून ज्योत सगळीकडे पसरत जाते. गाडी २००० आरपीएमला असेल तर हे पसरणं चार-पाच मिलिसेकंदांत उरकतं. पण तेवढ्या वेळातही सिलिंडरच्या कडेला जे मिश्रण अजून जळायचं बाकी असतं ते पुढे सरकणाऱ्या ज्योतीमुळे आणखी दाबलं जातं, आणखी तापतं, आणि ज्योत पोचायच्या आधीच ते आपणहून भसकन पेटलं तर आत दाबाची लाट उठते, ती भिंतींवर सेकंदाला सहा-सात हजार वेळा थडथडते, आणि आपल्याला बॉनेटखालून पत्र्यावर नखानं टकटक केल्यासारखा आवाज येतो. हेच नॉकिंग. थोडंफार झालं तर काही बिघडत नाही, पण जोरात आणि बराच वेळ होत राहिलं तर पिस्टनची कड वितळते, रिंगांच्या खाचा तुटतात, आणि मग बिल लाखात जातं.

पेट्रोल असं आपणहून पेटायला किती विरोध करतं त्याचं माप म्हणजे ऑक्टेन नंबर. बस, एवढंच. त्यात ताकद किती, पेट्रोल स्वच्छ किती, अ‍ॅव्हरेज किती देणार, यातलं काहीही तो आकडा सांगत नाही. लिफ्टची क्षमता आठ माणसांऐवजी बारा माणसांची केली म्हणून एकटा माणूस लवकर वर पोचत नाही, तसंच ९१ ऑक्टेनच्या साध्या पेट्रोलवर निवांत चालणाऱ्या इंजिनात ९५ चं प्रीमियम टाकून जास्तीचा विरोध नुसता पडून राहतो, त्याचा वापरच होत नाही.

हा आकडा काढायची पद्धत मला फार आवडते. १९२६-२७ च्या सुमारास अमेरिकेत ग्रॅहम एडगर या रसायनशास्त्रज्ञानं दोन टोकं ठरवली, आयसोऑक्टेन म्हणजे १०० आणि नॉर्मल हेप्टेन म्हणजे ०. शुद्ध हेप्टेन त्या वेळी कुठून मिळायचं, तर कॅलिफोर्नियाकडच्या जेफ्री पाईन नावाच्या झाडाच्या चिकापासून! मग एक सिलिंडरचं, कॉम्प्रेशन (पिस्टन मिश्रण किती पटीनं दाबतो ते) कमीजास्त करता येणारं खास इंजिन बनवलं गेलं, त्यात नमुना जाळायचा, नॉकिंग किती होतं ते मोजायचं, आणि आयसोऑक्टेन-हेप्टेनच्या कुठल्या मिश्रणाशी ते जुळतं ते बघायचं. ९५ टक्के आयसोऑक्टेनच्या मिश्रणासारखं वागलं तर नंबर ९५. आजही त्याच जातीच्या इंजिनावर, ६०० आरपीएमला, आरओएन (रिसर्च ऑक्टेन नंबर) हा आकडा काढतात, आणि आपल्या पंपावरचे ९१, ९५, १०० हे सगळे आरओएनच आहेत.

इथे एक गोष्ट नक्की लक्षात ठेवा, कारण अमेरिकन व्हिडिओ बघून खूप लोकांचा गोंधळ होतो. तिकडे पंपावर लिहिलेला आकडा वेगळा असतो, आरओएन आणि दुसऱ्या एका जास्त कडक चाचणीचा आकडा यांची सरासरी, त्यामुळे तो चार-पाचनं कमी दिसतो. तिकडचं ८७ म्हणजे आपल्याकडचं साधारण ९१ आणि तिकडचं ९१ म्हणजे आपलं ९५. तिकडचा माणूस "माझ्या गाडीला ९१ लागतं" म्हणतो तेव्हा तो प्रीमियमबद्दल बोलत असतो!

आता महागड्या गाड्यांना जास्त ऑक्टेन का लागतं. बऱ्याच जर्मन गाड्यांमध्ये आज दोन लिटरचं टर्बो इंजिन असतं आणि टर्बो हवा आधीच दाबून आत ढकलतो, पूर्ण जोरावर असताना साध्या इंजिनाच्या जवळपास दुप्पट हवा, मग तीच हवा पिस्टन परत दहा पटीनं दाबतो. दाबलं की तापणारच, आणि तापलं की नॉकिंगची शक्यता वाढणार. पण नुसत्या कॉम्प्रेशनवरूनही अंदाज बांधू नका, टोयोटा कॅमरी हायब्रिडच्या अडीच लिटर इंजिनाचा कॉम्प्रेशन रेशो १४:१ आहे, आकडा ऐकून वाटेल याला १०० ऑक्टेनच लागणार, आणि अमेरिकेत कंपनी त्याला ८७, म्हणजे तिकडचं साधं पेट्रोल सांगते. कारण त्यात इनटेक व्हॉल्व्ह मुद्दाम उशिरा बंद होतात, आत आलेली थोडी हवा परत बाहेर जाते, आणि प्रत्यक्षात दाब तेवढा चढतच नाही. म्हणजे शोरूमच्या किमतीवरून नाही आणि ब्रोशरमधल्या एका आकड्यावरूनही नाही, पेट्रोल कुठलं ते कंपनीनं त्या इंजिनासाठी जे लिहून दिलंय त्यावरूनच ठरतं.

ते लिहिलेलं असतं पेट्रोल टाकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला. जाऊन बघा, खरंच. छोटासा स्टिकर असतो, त्यावर आरओएन, काही जर्मन गाड्यांवर त्याचंच जर्मन नाव आरओझेड, आणि पुढे आकडा, बऱ्याचदा त्याच्याशेजारी इथेनॉल किती चालेल तेही, ई ५, ई १०, ई २० असं. आता बारीक वाचा. 'किमान ९५' असेल तर ९५ च्या खाली जायचं नाही, विषय संपला, मग लिटरमागे किती रुपये जातात ते बघत बसू नका. '९५ शिफारस, किमान ९१' असं असेल तर ९१ वर गाडी सुरक्षित चालते, फक्त पूर्ण ताकद ९५ वर मिळते. आणि नुसतं ९१ असेल तर साधं टाका आणि निश्चिंत राहा.

किमान ९१ वाली गाडी ९१ वर सुरक्षित का राहते, तर नॉक सेन्सरमुळे. इंजिन ब्लॉकवर एक छोटा पिझो सेन्सर बसवलेला असतो, तो ती थडथड पकडतो, आणि ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, पुढच्या काही फेऱ्यांत ठिणगी थोडी उशिरा टाकतो. उशिरा टाकली की दाब कमी चढतो, नॉकिंग थांबतं, पण त्याची किंमत म्हणून ताकद थोडी उतरते आणि पेट्रोल थोडं जास्त जातं. हे इतक्या पटकन होतं की बऱ्याचदा आपल्या कानाला काही कळतही नाही.

मग प्रीमियमचे पैसे वसूल होतात का? अमेरिकेतल्या एएए या वाहनचालकांच्या मोठ्या संघटनेनं २०१७ मध्ये, ज्या गाड्यांना प्रीमियमची नुसती शिफारस आहे सक्ती नाही, अशाच गाड्या तपासल्या. सरासरी अ‍ॅव्हरेज २.७ टक्के सुधारलं आणि ताकद १.४ टक्के वाढली. गाडीगणिक फरक मात्र प्रचंड, कॅडिलॅक एस्कलेडमध्ये ७.१ टक्के फायदा तर ऑडी ए ३ मध्ये उलट १ टक्का तोटा. आपल्याकडे साधं शंभरच्या वर आणि प्रीमियम त्यापेक्षा सात-आठ रुपयांनी महाग धरलं तर सात टक्क्यांच्या आसपास जास्त मोजून सरासरी पावणेतीन टक्के परत येतात. शिफारसवाल्या गाडीत प्रीमियम टाकायचं ते पिकअपसाठी, पैसे वाचतील म्हणून नाही.

आणि तो पिकअप कुठे जाणवणार हे तुम्ही रोज कुठे चालवता त्यावर आहे. पाम बीच रोडला वाशीहून बेलापूरला जाताना रस्ता सपाट, वेग एकसारखा, इंजिनावर भार जेमतेम, सिलिंडरमध्ये अर्धीच हवा जाते, तिथे ९१ आणि ९५ मधला फरक इंजिनालाही कळत नाही. तीच गाडी मे महिन्यात दुपारी घोडबंदर रोडला गायमुखच्या चढावर ट्रेलरच्या मागे अडकली की गोष्ट वेगळी. वेग नाही म्हणून रेडिएटर आणि (टर्बोची हवा थंड करणाऱ्या) इंटरकूलरला वारा नाही, आत जाणारी हवा तापलेली, एसी फुल, आणि पुढे जरा जागा झाली की आपण हजार-दीड हजार आरपीएमवरच पाय दाबतो. कमी आरपीएम, जास्त भार, गरम हवा, नॉकिंगला लागतं ते सगळं एका ठिकाणी. त्यात आपण समुद्रसपाटीला, हवा दाट, महाबळेश्वरला विरळ हवेत हीच शक्यता थोडी कमी असते, अमेरिकेत डोंगराळ राज्यांत तर तिकडच्या मापाचं ८५ सुद्धा विकतात. आपल्या बाजूनं एकच गोष्ट, पावसाळ्यातली दमट हवा, कारण हवेतली वाफ नॉकिंगला थोडी दाबते.

टर्बो आणि डायरेक्ट इंजेक्शन (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणारी पद्धत) असलेल्या गाड्यांत याच परिस्थितीत अजून एक प्रकार होतो, ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटतं. तो नॉक सेन्सरला नीट आवरत नाही, कारण ठिणगी उशिरा टाकून उपयोगच काय, आग आधीच लागलेली असते! यात इंजिन ऑईलचाही मोठा वाटा निघाला, म्हणून २०२० मध्ये आलेल्या एपीआय एसपी या ऑईलच्या दर्जात (डब्यावर 'API SP' लिहिलेलं असतं) त्याची खास चाचणी आहे. प्रीमियम पेट्रोलवर दर महिन्याला खर्च करणारा माणूस सर्व्हिसला ऑईलचा ग्रेड विचारत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता ई २०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इंटरनेटवरचे जुने सल्ले इथे जुने होतात. इथेनॉलचा ऑक्टेन नंबर १०८ च्या आसपास आहे, त्यामुळे ते मिसळलं की पेट्रोलचा आकडा चढतो, आणि पेट्रोलियम मंत्रालयानं ऑगस्ट २०२५ च्या खुलाशात सांगितलं की बीएस ६ चा ९१ आरओएन ई २० मुळे ९५ पर्यंत गेलाय. म्हणजे ऑक्टेनपुरतं बघितलं तर साध्या आणि ९५ वाल्या प्रीमियममधली दरी बरीच बुजली. पण इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या दोनतृतीयांशच, म्हणून ई २० च्या एका लिटरमध्ये शुद्ध पेट्रोलपेक्षा सहा-सात टक्के ऊर्जा कमी. अ‍ॅव्हरेज उतरलं अशी तक्रार येते त्यामागे हे आहे आणि ऑक्टेन वाढवून ते भरून निघत नाही. जुन्या आयात गाडीच्या झाकणावर ई १० पर्यंतच लिहिलं असेल तर तिथे प्रश्न रबरी होस, सील आणि पंपाचा आहे, त्याचं उत्तर ऑक्टेनमध्ये शोधू नका. प्रीमियम म्हणजे इथेनॉल नाही असाही समज पसरलाय, ९५ वाल्यातही सहसा ते असतंच, भरायच्या आधी मशीनवर ई २० लिहिलंय का ते बघा.

प्रीमियममधल्या सफाई करणाऱ्या अ‍ॅडिटिव्हचा थोडा फायदा आहे, इंजेक्टर स्वच्छ राहतात. पण डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं, इनटेक व्हॉल्व्हवरून वाहतच नाही, त्यामुळे त्या व्हॉल्व्हवर साचलेला कार्बन कुठलंही पेट्रोल धुऊ शकत नाही.

१०० ऑक्टेनचं पेट्रोल साध्याच्या जवळजवळ दीडपट भावाचं आहे. कंपनीनं ९८ मागितलेल्या मोजक्या स्पोर्ट्स गाड्या किंवा रीमॅप केलेलं (ताकद वाढवायला ईसीयूचं सॉफ्टवेअर बदललेलं) इंजिन सोडलं तर मी ते कोणालाही सुचवणार नाही. डिझेल गाडीवाल्यांना यातलं काही लागू नाही, तिकडे उलट लवकर पेटणारं इंधन हवं असतं, त्याचं माप सीटेन, आणि बीएस ६ डिझेलमध्ये ते किमान ५१ असतंच.

आणि 'किमान ९५' वाल्या गाडीत चुकून कमी ऑक्टेनचं पडलं तर टाकी रिकामी करायला धावू नका. थोडी जागा झाली की वरून ९५ भरा, ९१ आणि ९५ निम्मं-निम्मं झालं की ९३ च्या आसपास येतं, मिसळल्यानं काही बिघडत नाही. तोवर स्पोर्ट मोड नको, चढावर एक गिअर खाली घेऊन आरपीएम वर ठेवा, पाय हलका ठेवा. योग्य पेट्रोल भरूनही टकटक राहिली तर मग मेकॅनिकला कूलंट, साचलेला कार्बन, प्लग आणि खुद्द नॉक सेन्सर तपासायला सांगा, आणि पेट्रोल बदलून बघू असं म्हणत महिना घालवू नका.