तेजाबाची बाटली भुशात रोवणं सुरक्षित नाही

जळगावच्या सराफ बाजारात सोनं शुद्ध करायला तेजाब, म्हणजे नायट्रिक ॲसिड, लागतं. त्याचं पार्सल बांधण्याबद्दल एक समज जुना आहे: बाटली लाकडाच्या भुशात घट्ट रोवा, सांडलं तरी भुसा शोषून घेईल. शिवाय पार्सल मालवाहू विमानाने गेलं, तर त्यात प्रवासी कुठे असतात?

हे साफ चूक आहे. तीव्र तेजाब भुशाला पेटवतं. ३ नोव्हेंबर १९७३ रोजी पॅन ॲम या अमेरिकी विमान कंपनीचं मालवाहू बोइंग ७०७ न्यूयॉर्कहून निघालं, धूर झाल्यावर बॉस्टनकडे वळलं आणि उतरता उतरता कोसळलं. तिघेही कर्मचारी गेले. ती माणसं नव्हती का? तपासात संशय गळक्या तेजाबावर आणि त्याभोवतीच्या भुशावरच गेला.

आत न जळणारं शोषक भरणच हवं, आणि खोक्यावर धोक्याचं लेबल. माल काय आहे, कुठे ठेवलाय, हे वैमानिकाला लेखी कळवावं लागतं. विमान सुटायची घाई असली तरी वरची बाजू दाखवणाऱ्या बाणाचं खोकं आडवं सारायचं नाही. तळ ओलसर दिसला, की ते चढवायचं नाही. शेजारची खोकीही उतरवून तपासायची.