मॉडेलरच्या पुढचा बॉक्स : बेळगाव पट्ट्यातली पार्श्वभूमी

मॉडेलर, म्हणजे गिटारचे ॲम्प आणि स्पीकर यांची इलेक्ट्रॉनिक नक्कल करणारा डबा, घेतलेल्या पोराचा प्रश्न साधारण दुसऱ्या आठवड्यात येतो. हेडफोनमध्ये सगळं झकास वाजतं, पण शनिवारी प्रॅक्टिसला ड्रम सुरू झाला की जोडायचं काय? आवाजाला ताकद देणारा वेगळा पॉवर ॲम्प आणि गिटारचा बारा इंची स्पीकरचा बॉक्स, की वरच्या सुरांसाठी हॉर्न आणि आतच ॲम्प असलेला ॲक्टिव्ह स्पीकर? बेळगाव, खानापूर, निपाणी या भागात याची उत्तरं पुण्या-मुंबईपेक्षा जरा वेगळी मिळतात. त्याचं मूळ मॉडेलर येण्याआधीच्या काळात आपण गिटार कशातून ऐकली, त्यात सापडतं.

लंडनच्या एका दुकानात १९६२ साली घडलेला व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) ॲम्प, चार स्पीकरचे उंच बॉक्स, हा इतिहास गिटार धरणाऱ्या प्रत्येकाला पाठ असतो. आमचा त्याच्याशी संबंध कॅसेटच्या कव्हरवरच्या फोटोपुरता. नव्वदच्या दशकात ऑर्केस्ट्रात गिटारवाला यायचा तो एक केबल आणि फार तर एक पेडल घेऊन. केबल जायची मंडपवाल्याच्या मिक्सर-ॲम्पलिफायरला, माईकच्या शेजारच्या भोकात. तिथून आवाज कॉलम स्पीकरला आणि झाडावर बांधलेल्या भोंग्याला. गायिका, ढोलकी, कीबोर्ड आणि गिटार सगळे एकाच खोक्यातून बाहेर. 'गिटारचा ॲम्प' नावाची वेगळी वस्तू असते हे ठाऊक होतं, पण ती मंचावर असावी असा आग्रह धरणारा मला त्या काळात भेटला नाही.

या मिक्सर-ॲम्पच्या पाठीमागे स्क्रूची एक पट्टी असते: ४, ८, १६ ओहम आणि त्याच ओळीत ७० व १०० व्होल्ट. शेवटचे दोन लांबच्या भोंग्यांसाठी. प्रत्येक भोंग्याजवळ ट्रान्स्फॉर्मर असतो म्हणून ते चालतं. साधा ८ ओहमचा स्पीकर १०० व्होल्टच्या स्क्रूला जोडला तर गणितानं तो साडेबाराशे वॅट मागतो. ॲम्प तेवढे देऊ शकत नाही, पण देण्याच्या धडपडीत दोघांपैकी एक जण जातो. आज जुना ॲम्प स्वस्तात मिळतोय म्हणून मॉडेलरमागे लावणाऱ्यांनी आधी ती पट्टी वाचावी.

नव्वदीच्या अखेरीस झूम ५०५ हा पायाखालचा इफेक्ट डबा आला आणि एकदम पन्नास जणांकडे एकच डिस्टॉर्शन (मुद्दाम फाडलेला आवाज) झालं. मंचावर तो फार वाईट वाजायचा. एका शिवजयंतीच्या कार्यक्रमात मागच्या साऊंडवाल्या काकांनी मला हात करून सांगितलं होतं, "गिटार नव्हं ते, डास गुणगुणालाय बघ." बोचलं, पण निदान अचूक होतं. गिटारचा स्पीकर साधारण पाच किलोहर्ट्झच्या वर आवाज जवळजवळ टाकूनच देतो आणि डिस्टॉर्शनची सगळी कचकच त्याच्याही वर असते. हॉर्नवाला बॉक्स ती इमानेइतबारे लोकांपर्यंत पोचवतो. विकृत सिग्नल आणि हॉर्न यांच्या मध्ये गिटारच्या स्पीकरसारखं काहीतरी हवं. ते काम पुढे कॅब सिम्युलेशननं, म्हणजे गिटारच्या बॉक्सच्या (कॅबच्या) नकलेनं केलं, आणि १९९८ साली आलेल्या, राजम्याच्या दाण्यासारख्या दिसणाऱ्या पॉड नावाच्या लाल मॉडेलरनं ती सोय घराघरात नेली. तो होता रेकॉर्डिंगसाठी, पण आमच्याकडे सरळ मंचावर चढला, कारण मंचावर तसाही थेट मिक्सरच होता.

इथून पुढचा घोळ एका शब्दाचा. २००६ साली आलेल्या महागड्या रॅक मॉडेलरपासून 'एफआरएफआर' हे लेबल पसरलं: फुल रेंज, फ्लॅट रिस्पॉन्स. म्हणजे स्पीकरनं स्वतःचं काही मिसळू नये, मॉडेलर जे देईल तेच पुढे द्यावं. त्यातला 'फुल रेंज' कुणाला अडत नाही. अडतो तो 'फ्लॅट'.

आमच्या साऊंडवाल्यांच्या भाषेत 'फ्लॅट ठेव' म्हणजे ईक्यूचे (खर्ज आणि वरचे सूर कमी-जास्त करायचे) सगळे नॉब मधोमध, घड्याळातल्या बारावर ठेव. गाणाऱ्याच्या तोंडी 'फ्लॅट' म्हणजे सूर उतरला. कंपनीच्या कागदावर 'फ्लॅट' म्हणजे स्पीकरच्या अगदी समोर माईक धरून घेतलेलं माप, अमुक ते अमुक हर्ट्झ, अधिक-उणे तीन डेसिबल. एकच शब्द घेऊन तीन माणसं भांडतात तेव्हा तिघंही आपापल्या जागी बरोबर असतात आणि गिटार मात्र कुणालाच आवडत नाही. शिवाय हे लेबल कुठल्या प्रमाणानं बांधलेलं नाही. कुणीही कुठल्याही बॉक्सवर लावावं. मागे 'बेस' आणि 'डीजे' असे प्रीसेट (आधीच ठरवून ठेवलेले आवाज) असलेल्या बॉक्सवरही ते मी पाहिलं आहे. प्रीसेट निवडला की फ्लॅट संपलं, पण डब्यावरचं अक्षर तसंच.

समोरचं माप खरं असलं तरी ते समोरचं असतं. स्पीकरचा बारा इंची कोन (हलणारा पडदा) दोनेक किलोहर्ट्झच्या वर आवाज टॉर्चसारखा फेकायला लागतो. बॉक्स जमिनीवर ठेवला की खर्ज फुगतो, कोपऱ्यात सरकवला की आणखी फुगतो. त्यात कानाचा स्वभाव. १९३३ सालीच मोजून ठेवलं गेलं आहे की आवाज लहान असताना माणसाला खर्ज कमी ऐकू येतो. रात्री आई झोपल्यावर हेडफोनमध्ये घडवलेला प्रीसेट म्हणून खर्जानं भरलेला असतो. तोच मंडपात शंभर डेसिबलला वाजवला की घोंगावतो, वरून टोचतो, आणि दोष स्पीकरला दिला जातो.

दुसरी तक्रार 'समोर ॲम्प असल्यासारखं वाटत नाही' ही. ती खरी आहे. कॅब सिम्युलेशनमधला आयआर (इम्पल्स रिस्पॉन्स, म्हणजे स्पीकरच्या आवाजाचं साठवून ठेवलेलं माप) बहुतेक वेळा कोनपासून दोन-चार सेंटिमीटरवर धरलेल्या माईकचा असतो, त्यामुळे फुल रेंज बॉक्समधून येतो तो माईकनं ऐकलेला स्पीकर. खोलीत आपल्या पोटरीवर हवा मारणारा स्पीकर तो नव्हेच. परदेशातल्या जुन्या वादकाला ही चुकामूक लगेच जाणवते, कारण त्यानं तीस वर्षं तशा खोलीत काढलेली असतात. आमच्या भागातला वादक शिकला तो कॅसेटवरून, म्हणजे मुळात माईकचाच आवाज ऐकून, आणि वाजवला तो मंडपाच्या बॉक्समधून. त्याला या आवाजाची सवय आहे. असं असूनही व्हिडिओ बघून तोही 'खोलीतला ॲम्प' मागायला लागतो तेव्हा मला जरा हसू येतं. जी खोली आपल्याकडे नव्हतीच तिची आठवण आपल्याला का यावी? माझा कल यातून दिसतोच, लपवत नाही.

गिटारचाच बॉक्स हवा म्हणणाऱ्या दुसऱ्या बाजूचं म्हणणं मात्र पोकळ नाही. गिटारचा बारा इंची स्पीकर एका वॅटला एक मीटरवर ९७ ते १०० डेसिबल देतो, तेही जिथं गिटार राहते नेमक्या त्याच पट्टीत. म्हणून थोड्या वॅटमध्ये तो ड्रमच्या वर येतो. या वाटेनं जाणारे एक चूक हमखास करतात. मॉडेलरमधलं कॅब सिम्युलेशन बंद करायचं असतं. हे लोक सोबत पॉवर ॲम्पचं सिम्युलेशनही बंद करून टाकतात. व्हॉल्व्ह ॲम्पचा आउटपुट इम्पीडन्स (विजेला होणारा, ओहममध्ये मोजायचा अडथळा) मोठा असतो. स्पीकरचा इम्पीडन्स खर्जातल्या त्याच्या अनुनादाच्या जागी आठ ओहमच्या कित्येक पट चढतो, वरच्या सुरांकडे पुन्हा चढत जातो, आणि व्हॉल्व्ह ॲम्पचा आवाज त्या चढांबरोबर फुगतो. ट्रान्झिस्टर किंवा क्लास-डी (वीज वेगानं चालू-बंद करत चालणारा) ॲम्प या चढांना जुमानत नाही. तो फुगवटा मॉडेलरच्या पॉवर ॲम्प सिम्युलेशनमध्ये असतो, तेव्हा मागे क्लास-डी असेल तर ते चालू ठेवावं आणि फक्त कॅब काढावा. उलट कॅब चालू ठेवून गिटारच्या बॉक्समध्ये सोडलं तर आवाज दोनदा गाळला जातो, घोंगड्याखालून आल्यासारखा.

ॲम्प आणि बॉक्स स्वतः बनवण्याची हौस इथं पूर्वीपासून, कारण बेळगावच्या उद्यमबागेत पत्रा कापून मिळतो आणि शहापुरात सुतार मिळतो. सुट्या भागांसाठी मुंबई आणि बंगळूर दोन्हीकडे साधारण पाचशे किलोमीटर. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडचा माल घ्यायचा की बंगळूरच्या एसपी रोडचा, हे रात्रीच्या कुठल्या गाडीत जागा मिळाली त्यावर ठरायचं. २०१७ च्या जीएसटीनंतर सीमेपलीकडून स्पीकर आणणं सोपं झालं आणि पार्सलनं तर हा प्रश्नच मिटवला. तोवर टीपीए३११६ या क्लास-डी ॲम्पच्या चिपचे तळहाताएवढे बोर्ड आले होते, वर '१०० वॅट' छापलेले.

तो आकडा खोटा नाही, पण तो २१ व्होल्टला, दोन ओहमच्या भारावर, दोन्ही चॅनेल एकत्र बांधून. आम्ही त्याला लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अडॅप्टर आणि आठ ओहमचा स्पीकर दिला. जास्तीत जास्त १८ व्होल्टची लाट, १८ चा वर्ग भागिले १६ (आठ ओहमची दुप्पट), म्हणजे वीस वॅट. वीस वॅट ९८ डेसिबलच्या स्पीकरला १११ पर्यंत नेतात, प्रॅक्टिसला पुरतात. फक्त स्वच्छ आवाजाला जागा उरत नाही. ड्रमर रंगात आला की कॉर्ड फाटायला लागतो.

पहिला बोर्ड मात्र एक कॉर्डही न वाजवता गेला. या चिपच्या स्पीकरच्या दोन्ही तारा जिवंत असतात, अडॅप्टरच्या निम्म्या व्होल्टेजवर तरंगत. उणे म्हणजे अर्थ नव्हे. आम्ही पत्र्याच्या डब्याला लोखंडी जॅक बसवला. जॅकची कड पत्र्याला, पत्रा इनपुटच्या अर्थला, आणि स्पीकरची एक तार त्या कडेला. चालू करताच टिक्, मग जळका वास. शॉर्ट झाल्यास चिप स्वतःला वाचवते असं तिच्या माहितीपत्रकात लिहिलं आहे. आमच्या बोर्डानं ते वाचलेलं नव्हतं. दुसऱ्या वेळी प्लास्टिकचा जॅक, सोळा रुपयांचा.

बॉक्सचीही तीच गत. सुताराला 'बारा इंची स्पीकर' सांगितलं, त्यानं अठरा मिलीमीटरच्या मरीन प्लायला नीट बारा इंचांचं भोक पाडलं. बारा इंच हे साधारण स्पीकरच्या चौकटीचं माप. भोक २८३ मिलीमीटरचं लागतं आणि बोल्ट २९७ च्या वर्तुळावर बसतात. आमच्या बोल्टांना लाकूडच उरलं नाही. "आधी स्पीकर आणून द्यायचा की," हे त्याचं म्हणणं, आणि त्यात चूक काढता येत नाही. आतून एक कडं चिकटवून भागवलं. पहिल्यांदा मोठ्यानं वाजवला तेव्हा शेजारचे स्पीकरचे कोन बदलून देणारे कन्नड गृहस्थ दुकानातूनच ओरडले, "साकु, साकु!" (पुरे, पुरे!)

गेल्या काही वर्षांत चित्र भराभर हललं. गिटारच्या स्पीकरसारखा दिसणारा पण वरचे सूरही देणारा बारा इंची स्पीकर २०१९ साली बाजारात आला, तेव्हा मोकळ्या पाठीच्या बॉक्समध्ये फुल रेंज वाजवायची वाट खुली झाली. २०२२ च्या सुमारास खऱ्या ॲम्पची न्यूरल कॅप्चर (संगणकानं ऐकून शिकलेली नक्कल) स्वस्त पेडलमध्ये आणि लॅपटॉपवर फुकटही मिळू लागली. इथंही कॅप्चरमध्ये कॅब धरला आहे की नाही, हे फाइलच्या नावावरून कळत नाही, आणि जुना डास नव्या हार्डवेअरमधून गुणगुणतो. जत्रेच्या आणि गणपतीच्या कार्यक्रमांत आता मिक्सरवाला सरळ एक्सएलआर (माईकची तीन पिनांची केबल) मागतो आणि वादकाच्या कानात इअरफोन असतो. बॉक्स लागलाच तर मॉडेलरमधून दोन वाटा काढतात: कॅबसह मिक्सरला, कॅबविना पॉवर ॲम्पला. चांगल्या प्रतीच्या मॉडेलरमध्ये ही सोय असते. स्वस्तातल्या अनेकांत दोन्ही आउटपुटला एकच सिग्नल जातो, तेव्हा विकत घेण्याआधी दुकानात तेवढं एकच बटण शोधावं.

कडं चिकटवलेला आमचा बॉक्स अनगोळच्या प्रॅक्टिस रूममध्ये आहे. सध्या त्यातून कीबोर्ड वाजतो, आणि कीबोर्डवाल्याची तक्रार आहे की वरचे सूर येत नाहीत.