उतारावर न्यूट्रल केल्याने डिझेल वाचत नाही
पसरणी घाट उतरताना मागे ट्रॉली जोडलेली पिकअप न्यूट्रलमध्ये सोडली की डिझेल वाचतं, असं वाई-पाचगणीकडे अजून सांगितलं जातं. हे चूक आहे. गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की उताराच्या वेगाने चाकंच इंजिन फिरवतात आणि डिझेलचा पुरवठा जवळजवळ थांबतो. जुन्या गाड्यांच्या मेकॅनिकल डिझेल पंपातला गव्हर्नरही, म्हणजे इंजिनच्या वेगानुसार डिझेल कमी-जास्त करणारा भागही, हेच करतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहण्यापुरतं डिझेल जळतच राहतं. शिवाय ट्रॉलीसकट सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि नेमके वळणावर लागेनासे होतात. इंजिन बंद करून उतरणं तर त्याहून भयंकर, कृपा करून कुणीही करू नका. डिझेल खरोखर वाचवायचं तर सपाट हायवेवर वेग आवरा, कारण उंच ट्रॉलीला होणारा हवेचा विरोध वेग दुप्पट झाला की चौपट होतो.