डेकखालची टाकी : बर्फासाठी की श्वासासाठी?

नवी बोट दाखवणारा विक्रेता एका टप्प्यावर हमखास खाली वाकतो आणि डेकमधलं एक झाकण उचलतो. आत पांढराशुभ्र, गुळगुळीत खण. "ही मासे ठेवायची टाकी, बोटीतच बसवलेली!" बघणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ती भरलेलीही दिसू लागते. मग झाकण बंद होतं आणि बोलणं इंजिनाकडे वळतं. माझ्या मते त्या खणापाशी आणखी पाच मिनिटं थांबावं आणि एकच प्रश्न विचारावा : यात मासा मेलेला ठेवायचा आहे की जिवंत?

प्रश्न विचित्र वाटेल, पण टाकीचं सगळं शास्त्र त्यावर अवलंबून आहे. मेलेल्या माशाला गारवा हवा, जिवंत माशाला प्राणवायू. गारव्याच्या टाकीत बाहेरची उष्णता शिरता कामा नये, म्हणून ती चहूबाजूंनी बंद हवी. प्राणवायूच्या टाकीत बाहेरचं पाणी सतत यायला-जायला हवं. ही दोन परस्परविरुद्ध यंत्रं आहेत. हौशी मासेमारीच्या बऱ्याच बोटींत मात्र एकच खण दोन्ही कामांसाठी खपवला जातो, आणि तो दोन्हीकडे कमी पडतो.

आधी मेलेल्या माशाचं पाहू. मासा मेला की त्याच्या स्नायूंतलं घड्याळ थांबत नाही. पेशींना ऊर्जा पुरवणारा एटीपी हा रेणू तुटत जातो आणि तो संपला की मासा ताठ होतो. तुटण्याच्या वाटेवर आयएमपी नावाचा रेणू साठतो. ताज्या माशाची गोडसर, भरदार चव बरीचशी त्याचीच. पुढे त्याचंही विघटन होऊन हायपोझँथिन तयार होतं, ते कडवट. त्यामागोमाग जिवाणूंची पाळी येते. या सगळ्या क्रियांचा वेग तापमानावर ठरतो. म्हणजे गळाला लागल्यापासून थंड होईपर्यंतचा काळ हाच खरा हिशोबाचा काळ, किनाऱ्यावर आल्यानंतरचा नव्हे.

बांगडा, ट्यूना अशा माशांच्या बाबतीत हा निव्वळ चवीचा मामला राहत नाही. त्यांच्या मांसात हिस्टिडिन हे अमिनो आम्ल भरपूर असतं. उबेत काही जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात आणि ते पोटात गेलं की तोंड लाल होणं, डोकं दुखणं, अंगावर गांधी उठणं असा त्रास होतो. शिजवून हिस्टामिन जात नाही, आणि मासा नंतर कितीही गार केला तरी एकदा तयार झालेलं हिस्टामिन तसंच राहतं. त्यात मोठा ट्यूना आधीच तापलेला असतो. त्याच्या रक्तवाहिन्यांची रचना स्नायूंमधली उष्णता आतच राखते आणि गळाशी झुंजताना तिच्यात आणखी भर पडते. डेकवर आलेला असा मासा आसपासच्या पाण्याहून कितीतरी गरम असू शकतो.

म्हणून टाकीने उष्णता झटकन ओढून घ्यायला हवी. इथे हवा फारच दुबळी ठरते. पाण्याची उष्णता वाहून नेण्याची क्षमता हवेच्या वीसपटींहून जास्त आहे. बर्फाच्या लाद्यांवर मासा नुसता ठेवला, तर तो लादीला टेकतो तेवढीच जागा नीट गार होते. बाकीच्या अंगाभोवती हवाच. त्याऐवजी चुरा केलेला बर्फ आणि समुद्राचं पाणी यांचा काला केला, तर तो माशाला सगळीकडून बिलगतो. मिठामुळे त्याचं तापमान शून्याच्या किंचित खाली उतरतं. लहान मासा त्यात लवकर गार होतो. मोठ्याला वेळ लागतो, कारण जाडी दुप्पट झाली की गाभ्यापर्यंत गारवा पोचायला साधारण चौपट वेळ लागतो. रक्त आधीच काढून टाकलं असेल तर काम सोपं होतं, पण तो वेगळा विषय.

आता टाकीच्या भिंती. थोडं गणित करू, कंटाळवाणं नाही. समजा २० किलो मासे २८ अंशांवरून शून्यावर आणायचे आहेत. माशाच्या एका किलोचं तापमान एका अंशाने उतरवायला सुमारे ३.६ किलोज्यूल उष्णता काढावी लागते. एकूण झाले २,०१६ किलोज्यूल. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल शोषतो. म्हणजे सहा किलो बर्फात काम होतं. ऐकून सगळेच चकित होतात : एवढासाच?

एवढासाच, कारण बर्फाचं खरं गिऱ्हाईक मासा नसून टाकीची भिंत असते. टाकीचं एकूण क्षेत्रफळ दोन चौरस मीटर धरू, बाहेर-आतल्या तापमानात ३० अंशांचा फरक. भिंतीत पाच सेंटीमीटर जाड पॉलियुरेथेनचा फोम असेल तर आत येणारी उष्णता साधारण ३६ वॅट. आठ तासांत तिने तीन किलोच्या आसपास बर्फ खाल्ला. फोम नसेल, नुसतं फायबरग्लास असेल, तर हाच आकडा सहज ३०० वॅटपर्यंत जातो आणि आठ तासांत पंचवीस किलोंहून जास्त बर्फ पाणी होऊन जातो. आकडे अंदाजाचे आहेत, पण फरक कागदावरचा नाही. दुपारी दोनला झाकण उघडल्यावर कोमट पाण्यात तरंगणारे मासे दिसतात, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच.

त्यातही डेकखालच्या टाकीच्या नशिबाला काही खास भोग असतात. तिचा एखादा पत्रा इंजिनाच्या खोलीला लागून असतो. झाकण म्हणजे डेकच, आणि डेक दिवसभर उन्हात भाजतं. झाकणाला कडेने रबराची घट्ट पट्टी नसेल तर डेक धुताना ओतलेलं गरम पाणी आत झिरपतं आणि बर्फाला सुरुंग लागतो. फोममध्ये पाणी शिरलं तर तो नावापुरता उरतो, कारण त्याची सगळी ताकद त्यात अडकलेल्या स्थिर वायूच्या बुडबुड्यांत असते. फोम भिजला की जड होतो तो वेगळाच, आणि हे बाहेरून कळतही नाही.

आता तिच्या शेजारी एक साधी, उचलून नेता येणारी चांगल्या प्रतीची बर्फपेटी ठेवा. तिच्या सहाही बाजूंना जाड फोम असतो, ती सावलीत सरकवता येते, मासे नसतील त्या दिवशी घरी ठेवता येते आणि धुवायला थेट नळाखाली नेता येते. लहान बोटीवर, चार-सहा तासांच्या फेरीसाठी मी डोळे झाकून पेटीच निवडेन. बसवलेल्या टाकीचं पारडं जड होतं ते मासे लांबीने मोठे असतील तेव्हा. मीटरभर लांबीचा मासा पेटीत दुमडावा लागतो, आणि ताठ होत असलेल्या माशाला दुमडलं की मांस फाटतं. शिवाय खवळलेल्या पाण्यात भरलेली पेटी डेकवर घसरू लागली तर ती पायांना मोठा धोका ठरते. खाली बसवलेलं वजन जागचं हलत नाही आणि बोटीचा गुरुत्वमध्यही खाली ठेवतं. लांब फेऱ्या, मोठे मासे आणि मोठी बोट अशी तिन्ही एकत्र आली, तर चांगला फोम असलेल्या टाकीला पर्याय नाही.

जिवंत टाकीची गोष्ट निराळी, आणि खूप जुनी. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतल्या शिडाच्या मासेमारी बोटींत मधोमध दोन पक्क्या आडव्या भिंती घालत आणि त्यांच्यामधल्या तळाला सरळ भोकं पाडत. समुद्र त्या कप्प्यातून आत-बाहेर खेळायचा आणि भिंती पक्क्या असल्यामुळे बोट बुडायची नाही. १८६६ मध्ये अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात नोअँक इथे बांधलेली 'एम्मा सी. बेरी' ही अशीच बोट आजही मिस्टिक सीपोर्टच्या संग्रहालयात पाहायला मिळते. पंप नाही, वीज नाही, तरी पाणी ताजं. पुढे बर्फ सहज मिळू लागला आणि हे जिवंत कप्पे मागे पडले. म्हणजे बर्फ की श्वास हा झगडा त्या काळीही होता.

आजच्या टाकीला भोकं नसतात, पंप असतो. तो बंद पडला तर किती वेळ हातात असतो, हे फार कमी लोकांना ठाऊक असतं. २८ अंश तापमानाच्या गोड्या पाण्यात, हवेशी समतोल असताना, लिटरमागे जेमतेम ७.८ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला असतो. समुद्राच्या पाण्यात त्याहूनही कमी. एक लिटर हवेत मात्र पावणेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू असतो. मासा मुळातच इतक्या काटकसरीच्या जगात जगतो. ८० लिटरची टाकी घेतली तर सगळा मिळून साठा ६२४ मिलिग्रॅम, त्यातला निम्मा संपेपर्यंत मासा गुदमरायला लागलेला असतो. झुंजून दमलेला मासा तासाला किलोमागे काहीशे मिलिग्रॅम प्राणवायू ओढतो. चारशे धरले आणि टाकीत तीन किलो मासे असले, तर हा निम्मा साठा पंधरा-सोळा मिनिटांत खलास. एक कप चहा आणि दोन गप्पा, एवढाच वेळ.

ऊन वाढलं की दोन्ही बाजूंनी कोंडी होते. पाणी तापलं की त्यात विरघळणारा प्राणवायू घटतो, आणि त्याच वेळी माशाची गरज वाढते. ढोबळ मानाने दहा अंश वाढले की शरीरातल्या क्रियांचा वेग दुप्पट होतो. कल्ल्यांतून बाहेर पडणारा अमोनिया त्याच पाण्यात साठतो. म्हणून तेच तेच पाणी फिरवून बुडबुडे सोडले तर प्राणवायूचा प्रश्न सुटतो, अमोनियाचा नाही. त्यासाठी पाणी बदलावंच लागतं.

खुद्द टाकीच्या आकारालाही अर्थ आहे. आमिष म्हणून जिवंत ठेवले जाणारे, तारलीसारखे कळपाने पोहणारे लहान मासे चौकोनी टाकीच्या कोपऱ्यात गर्दी करतात, नाकं आपटतात, खवले आणि अंगावरचा बुळबुळीत थर गमावतात. तो थर म्हणजे त्यांचं जंतूंविरुद्धचं कवच. म्हणून आमिषाच्या चांगल्या टाक्या गोल किंवा लंबगोल असतात आणि पाणी त्यांत सावकाश गोल फिरतं. बांगडा-ट्यूनासारख्या माशांना तर तोंड उघडं ठेवून सतत पुढे जाणं भाग असतं, कारण कल्ल्यांवरून पाणी वाहतं ते त्या पोहण्यामुळेच. अशांना लहानशा टाकीत ठेवणं म्हणजे धावणाऱ्याला पेटीत कोंडणं.

पकडून सोडून देण्याच्या स्पर्धांनी जिवंत टाकीला नवं आयुष्य दिलं. अमेरिकेत रे स्कॉट यांनी बास या गोड्या पाण्यातल्या माशाच्या मासेमारी स्पर्धा सुरू केल्या आणि १९७२ पासून मासा मारू नका, वजन करून सोडा असा आग्रह धरला. तेव्हापासून गोड्या पाण्यातल्या बोटींत हवा खेळती ठेवणारी टाकी जवळपास गृहीतच धरली जाते. पण मासा पोहत निघून गेला म्हणजे तो जगलाच असं नाही. काही मासे नंतर, नजरेआड मरतात. खोल पाण्यातून वर आणलेल्या माशाला तर टाकीचा उपयोगच नाही. ३० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या चौपट असतो, म्हणून वर येताना त्याच्या हवेच्या पिशवीतला वायू चौपट फुगू पाहतो. टाकीत तो पोट वर करून तरंगत राहतो. त्याला परत खोलवर सोडणं हाच उपाय, आणि तो जितक्या लवकर होईल तितकं बरं.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती मात्र वजनाची. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो, एखादा धडधाकट माणूसच, पण हा माणूस गप्प बसत नाही. अर्धवट भरलेल्या टाकीतलं पाणी बोट कलली की त्याच बाजूला धावतं आणि तिला आणखी कलवतं. स्थैर्याला बसणारा हा फटका टाकीच्या आडव्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. त्याच टाकीत मधोमध बोटीच्या लांबीच्या दिशेने एक आडभिंत घातली, तर प्रत्येक अर्ध्याचा फटका आठवा हिस्सा आणि दोघांचा मिळून पाव. एका फळीने एवढा फरक पडतो. काठोकाठ भरलेली टाकी किंवा पूर्ण रिकामी टाकी, दोन्ही चालतील. अर्धी भरलेली आणि बोट डगमगणारी, हा सर्वात वाईट मेळ. छोट्या बोटीच्या मागच्या टोकाला, इंजिनाशेजारी मोठी टाकी असेल तर बोट आधीच मागे बसलेली असते, त्यात आणखी भर.

टाकीतलं पाणी किनाऱ्यावरून दुसऱ्या जलाशयाकडे नेणं ही आणखी एक गंमत, फार महागात पडणारी. झेब्रा शिंपले ही नव्या पाण्यात झपाट्याने पसरणारी, उपद्रवी जात. त्यांच्या अळ्या इतक्या बारीक असतात की नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. १९८८ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या ग्रेट लेक्सच्या परिसरात हे शिंपले सापडले. तिथवर ते पोचले होते मोठ्या जहाजांतून, पण पुढे एका तलावातून दुसऱ्यात त्यांना पोचवणाऱ्यांमध्ये हौशी लोकांच्या बोटीही होत्या. म्हणून आज अनेक ठिकाणी पाण्यातून बोट बाहेर काढताच टाकी रिकामी करून वाळवणं बंधनकारक आहे.

विक्रेता झाकण उचलेल तेव्हा मी काय करेन ते सांगतो. आधी तळाचं छिद्र शोधेन. ते थेट समुद्रात उघडतं की बोटीच्या पोटात साचणाऱ्या पाण्यात? पोटात उघडत असेल तर मासे, रक्त आणि खवले तिथल्या पंपात अडकणार, आणि वास तर महिनोन् महिने राहणार. मग झाकणाची रबरपट्टी बोटाने दाबून पाहीन. भिंतीत फोम किती जाड आहे ते विचारेन, आणि उत्तर "भरपूर" असं आलं तर ते नाही असं समजेन. टाकीत संध्याकाळी मोजून दहा किलो बर्फ घालून, सकाळी उरलेला पुन्हा मोजू देणार का, तेही विचारेन. हा प्रयोग करू द्यायला तयार झालेला विक्रेता मला अजून भेटायचा आहे.