कराड–कोल्हापूर हवाई अंतर

सातारा जिल्ह्यातील कराड विमानतळ आणि उजळाईवाडी येथील कोल्हापूर विमानतळ यांमधील सरळ रेषेतील अंतर. ते सुमारे ७० किमी, म्हणजे ३८ सागरी मैल भरते (१ सागरी मैल = १,८५२ मी.).

वारुंजीजवळची कराडची धावपट्टी सार्वजनिक बांधकाम खात्याने १९५५ मध्ये कोयना प्रकल्पाच्या सोयीसाठी बांधली. तिची लांबी सुमारे १,२८० मी. आहे. कोल्हापूरचा विमानतळ संस्थानी काळातला, १९३९ चा.

हे अंतर काढायला शाळेतले भूमिती-ज्ञान पुरते. दोन्ही ठिकाणांच्या अक्षांशांत ०.६२ अंशाचा आणि रेखांशांत ०.१३ अंशाचा फरक आहे. अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किमीचा. रेखांशाचा अंश विषुववृत्तावर तेवढाच असला, तरी या भागात १०६ किमीपर्यंत आक्रसतो. म्हणजे कराडहून साधारण ६९ किमी दक्षिणेला आणि १४ किमी पूर्वेला गेले की कोल्हापूरची धावपट्टी येते. या दोन बाजूंचा कर्ण ७० किमी. लांबच्या प्रवासात पृथ्वीचा गोलावा धरून बृहद्‌वृत्तावरचे (म्हणजे पृथ्वीच्या पृष्ठावरून जाणाऱ्या सर्वांत जवळच्या वाटेवरचे) अंतर काढावे लागते. एवढ्या पल्ल्यात त्याने फरक पडत नाही.

ही रेषा कोयना ओलांडून सांगली जिल्ह्यातील वाळवा तालुक्यावरून जाते आणि वारणा व पंचगंगा पार करते. पुणे–बंगळूर महामार्गही जवळपास तिच्याच कडेने धावतो, त्यामुळे येथे रस्त्याचे अंतर हवाई अंतरापेक्षा फारसे जास्त नाही. सह्याद्री आडवा आला की हा हिशेब मोडतो. कराड ते रत्नागिरी विमानतळ हे हवाई अंतर सुमारे ९३ किमी; आंबा घाटाने जाणाऱ्याला त्याच्या जवळजवळ दीडपट वाट तुडवावी लागते.

उड्डाणाचा वेळ मात्र नुसत्या भागाकाराने निघत नाही. एटीआर ७२ जातीचे विमान ताशी ५०० किमीच्या आसपास वेगाने जाते, म्हणून ७० किमीला साडेआठ मिनिटे असे उत्तर येते. नकाशावरून वेळ सांगणारी गणकयंत्रे असलेच आकडे देतात. प्रत्यक्षात चढताना आणि उतरताना वेग कमी असतो आणि एवढ्या जवळच्या ठिकाणी विमान पूर्ण वेगाला पोचण्याआधीच उतरू लागते. शिवाय धावपट्टीपर्यंत सरपटणे, वाऱ्याच्या तोंडाशी वळून उतरणे हेही आलेच. विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा उभे राहीपर्यंतच्या वेळेला ‘ब्लॉक टाइम’ म्हणतात. वेळापत्रकात छापतात तो हाच. कोल्हापूर–मुंबई हवाई अंतर सुमारे ३०७ किमी असूनही त्या विमानाला तासाभराच्या आसपास वेळ धरतात, तो यामुळेच.

कराडची आखूड धावपट्टी मोठ्या प्रवासी विमानांच्या कामाची नाही. तेथे छोटी विमाने आणि हेलिकॉप्टर उतरतात. ताशी २०० किमीने जाणाऱ्या प्रशिक्षण-विमानाला कोल्हापूरपर्यंत हवेत वीस-पंचवीस मिनिटे लागतील. महामार्गाने मोटारीला सव्वा ते दीड तास लागतो. तरीही घरापासून विमानतळ, तपासणी, सामान आणि पुन्हा विमानतळापासून गाव हे सारे जमेस धरल्यास मोटारच आधी पोचेल. त्यामुळे या दोन विमानतळांतील अंतर प्रवाशापेक्षा वैमानिकाच्या नोंदवहीतच अधिक वापरात येते. सांगलीकराची गोष्टही फार वेगळी नाही: कवलापूरची जुनी धावपट्टी उजळाईवाडीपासून हवाई मार्गाने पन्नास किलोमीटरच्या आतच आहे, आणि विमान गाठायला तो कोल्हापूरला जातो तो रस्त्यानेच.