‘दोन-तीन टक्के वाढ’ हा हिशेबच चुकीचा

जमिनीचा वापर बदलताना (उदा. निवासीचा व्यापारी) ‘दिवसाच्या वाहतुकीत दोन-तीन टक्केच भर पडेल’ असं हमखास ऐकवलं जातं. पण कोंडी दिवसाच्या बेरजेत होत नाही. ती गर्दीच्या तासात, चौकात होते.

एक लेन घ्या. १२० सेकंदांच्या सिग्नलमध्ये हिरवा दिवा ३० सेकंद. सलग हिरव्यात तासाला साधारण १८०० गाड्या सुटतात, म्हणजे इथे ४५०. आज ४०० येतात, कसंबसं निभतं. नव्या वापराने ८० वाढल्या की तासाअखेर ३० गाड्या तुंबलेल्या: जवळपास २०० मीटरची रांग, कधी थेट मागच्या चौकात.

आणि वाढणाऱ्या गाड्या मोजताना प्रस्तावाच्या चित्रातली देखणी इमारत धरू नका (आराखडे बदलतात). नव्या वापरात नियमाने जास्तीत जास्त काय बांधता येईल, ते धरा.